निजलेला प्राणी पाहावा कसा?

ऑस्ट्रेलियातील कोआला नीलगिरीचा पाला खातो. त्या पाल्यात सत्त्व थोडे व विषारी द्रव्ये बरीच. तो पचविण्यातच शक्ती वेचत असल्यामुळे हा प्राणी दिवसाचे १८ ते २० तास निजून काढतो. प्राणिसंग्रहालयात आलेली मुले मग कंटाळतात. हा दोष प्राण्याचा नव्हे, मांडणीचा होय.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१७ पासून हंबोल्ट पेंग्विनांचे पाण्याखालील पोहणे काचेतून दिसते. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२१ पासून प्रेक्षक गाडीत बसतात व वाघ-अस्वले मोकळी हिंडतात. तद्वत् कोआलापुढे झाडाच्या उंचीचा माच असावा. पाला घालण्याची वेळ व निद्रेचे कारण फलकावर लिहावे. कारण कळले म्हणजे निजलेला प्राणीही पुष्कळ शिकवितो. त्यास उठविण्याचे प्रयोजन उरत नाही.