मनातला चाकू

माणसाच्या खिशात ज्या वस्तूंनी पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड केले, त्यांत मिटत्या चाकूचा मान मोठा आहे. तपकिरीची डबी गेली, साखळीचे घड्याळ गेले, शाईचे पेनही जवळजवळ गेले. चाकू मात्र अनेकांच्या खिशात अद्याप टिकून आहे. गंमत अशी, की ज्यांच्याजवळ बरा चाकू असतो त्यांनाच त्याहून बऱ्या चाकूची स्वप्ने पडतात. युरोप-अमेरिकेत अशा शौकिनांची संख्या पुष्कळ आहे. कागद-पेन्सिल घेऊन ही मंडळी आपल्या मनातला चाकू रेखाटतात. पाते किती लांब, पोलाद कोणते, मूठ लाकडाची की शिंगाची, उघडताना दोन हात लागावेत की एक, यावर त्यांचे वाद तासन्‌तास रंगतात. प्रथम ऐकताना हा खुळा छंद वाटतो. परंतु थोडे खोलात गेल्यावर आमचे मत पालटू लागले.

भाषेच्या शिक्षकाला आधी शब्दच दिसतो, त्याला इलाज नाही. 'सुरी' ही संस्कृत 'क्षुरिके'ची नात. 'चाकू' आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. बोरू तासण्यासाठी कारकुनापाशी जी लहान सुरी असे, तिचे नाव 'कलमतराश'. इंग्रजीतला 'पेननाइफ' हाही मूळचा पिसाची लेखणी तासणाराच. म्हणजे एके काळी खिशातला चाकू ही दांडगेश्वराची नव्हे, तर लिहित्या माणसाची खूण होती. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होईल.

पाते मुठीत मिटवण्याची युक्ती फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हॉलस्टॅट येथे इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० या सुमाराचा, हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडला. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले समजले जाणारे एक रोमन अवजार आहे. त्यात चमचा, काटा, टोचा असे सारे काही चांदीच्या दांड्यावर मिटते. पाते लोखंडी असल्यामुळे ते मात्र गंजून गेले. 'एकातच सर्व हवे' हा हव्यास आधुनिक यंत्रयुगाचा नव्हे, एवढे त्यावरून कळते.

मनातला चाकू प्रत्यक्षात उतरवणारे एक गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील टिम लेदरमन. १९७५ साली ते पत्नीसह एका जुन्या फियाट मोटारीतून युरोपात हिंडत होते. मोटार वारंवार रुसे आणि स्वस्त हॉटेलांतले नळही रुसत. खिशात स्काउटचा चाकू होता, पण खरी गरज होती पकडीची. चाकूलाच पकड असती तर, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तो मग जाईना. घरी परतल्यावर अनेक वर्षे ते नमुने घडवीत राहिले. १९८० साली पेटंट मिळाले, पण गिऱ्हाईक मिळेना. चाकूवाल्यांना ती वस्तू अवजार वाटली आणि अवजारवाल्यांना खेळणे. अखेर १९८३ साली विक्री सुरू झाली आणि पुढे त्यांचे आडनाव हेच त्या अवजाराचे नाव होऊन बसले. इतके होऊनही, पकडीच्या हव्यासात चाकूचा चाकूपणा गेला, अशी तक्रार करणारे शौकीन आहेतच.

एकदा मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकांच्या खोलीत हाच विषय आम्ही मुद्दाम काढला. चहा निवून गेला, पण एकमत झाले नाही. इतिहासाच्या गुरुजींना पाते उघडल्यावर घट्ट अडकणारा खटका हवा होता. बोटावर पाते मिटल्याचा प्रसाद त्यांना लहानपणी मिळाला होता. विज्ञानाच्या बाईंना गंज नको आणि धार वर्षभर टिकली पाहिजे. चित्रकलेच्या सरांना पाते पातळ हवे, पेन्सिलीचे टोक लांब निघाले पाहिजे. आमचे शिपाईमामा दारात उभे होते. ते म्हणाले, "निसण्यावर पाच मिनिटांत लागतो तो चाकू चांगला. बाकी सगळी शोभा."

या चार मागण्या एका चाकूत नांदत नाहीत, हीच त्यातली खरी मौज. पोलाद जितके कठीण तितकी धार टिकाऊ, पण तितकेच ते ठिसूळ आणि पुन्हा धार लावताना हट्टी. रॉकवेल नावाच्या मापावर स्विस खिशाचाकूचे पोलाद ५६ च्या आसपास भरते. शौकिनांची आवडती नवी पोलादे ६० च्या वर जातात. ती महिनोन्‌महिने बोथट होत नाहीत, आणि झाली की साधा निसणा त्यांच्यापुढे हात टेकतो. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम भरपूर लागते, शेकडा १२-१३ किंवा अधिक. साध्या कार्बनी पोलादाला उत्तम धार चटकन चढते, पण लिंबू चिरून तसेच ठेवले की पाते काळे पडते. पातळ पाते फळ चिरताना लोण्यात जावे तसे जाते, पण दोरखंडावर जोर केला की वाकते किंवा तुटते. खटका सुरक्षित खरा, परंतु त्याने वजन व भानगडी वाढतात. शिवाय ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा मिटता चाकू विनाकारणही जवळ बाळगता येतो; त्याला खटका असला की ही सवलत जाते.

या ओढाताणीतून सर्वांत सोपी वाट काढली ती, आमच्या मते, फ्रान्समधील साव्हुआ प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल यांनी. डोंगराळ मुलुखातल्या लोहाराचा हा मुलगा. १८९० साली त्याने शेजारपाजारच्या शेतकऱ्यांसाठी एक चाकू घडवला. लाकडाची गोल मूठ, तिला एक चीर, चिरेत पाते, आरपार एक खिळा आणि वर लोखंडी कडे, संपला चाकू. १८९७ मध्ये त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत १ ते १२ असे क्रमांक दिले. पुढे १ आणि ११ हे क्रमांक वगळण्यात आले; पहिला अगदीच चिमुकला आणि अकरावा दहाव्या-बाराव्यात हरवणारा. १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी त्याला फिरते कडे जोडले. ते बोटाने फिरवले की पाते जागच्या जागी अडकते. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. एकंदर पाच भाग. सर्वांत लोकप्रिय ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरांचे असते.

दोष नाही असे नाही. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ओल लागली की ती फुगते आणि पाते आत रुतून बसते. नखाने ओढून निघत नाही. यावर साव्हुआच्या शेतकऱ्यांचा तोडगा असा, की मुठीची मागची बाजू टेबलावर ठोकायची. पाते आपसूक थोडे वर येते. या ठोकण्याला तिकडे नावही पडले आहे. आम्हांला हा प्रकार फार आवडला. वस्तूचा दोष माणसाने अंगवळणी पाडून घेतला, की तो तिच्या घरंदाजपणात जमा होतो. नव्या शौकिनांना मात्र हे पटत नाही. ते लगेच प्लॅस्टिकच्या मुठीचे चित्र काढतात.

स्वित्झर्लंडची गोष्ट उलट्या दिशेची. तिथल्या लष्कराला १८९० च्या सुमारास जो चाकू हवा होता, त्याने डबा फोडता यावा आणि नव्या बंदुकीचे स्क्रू काढता यावेत, अशी अट होती. म्हणजे पाते, टोचा, डबाफोडणे आणि स्क्रूपिळणे, एवढेच. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये तो पुरवायला सुरुवात केली. तो जड वाटला म्हणून त्यांनी १८९७ साली हलका, बूच काढण्याच्या मळसूत्रासह 'अधिकाऱ्यांचा चाकू' काढला. दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारे तोलून धरण्यात त्यांची खरी करामत होती. लष्कराने तो अधिकृत मानला नाही. अधिकारी स्वखुशीने विकत घेत. पुढे कात्री, करवत, भिंग, चिमटा वाढत गेले आणि काही नमुने खिशाऐवजी कपाटातच शोभू लागले. अमेरिकेतील बक कंपनीने १९६० च्या दशकात काढलेला भक्कम खटक्याचा शिकारी चाकूही असाच. वजन सुमारे २०० ग्रॅम. तो कमरेच्या पट्ट्याला चामडी म्यानातच लटकवतात. खिशात न मावणारा खिशाचाकू! १९८१ साली स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला चिमटा लावला. तेव्हापासून चाकू खिशाच्या काठाला टांगता येऊ लागला व एका अंगठ्याने उघडता येऊ लागला.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे वळतो. जपानात मिकी नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'हिगोनोकामी' नावाचा साधा चाकू होतो. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्याला मागे एक शेपूट, ते अंगठ्याने दाबून धरायचे. ना स्प्रिंग, ना खटका. जपानी मुले शाळेत याच चाकूने पेन्सिली तासत. १९६० साली इनेजिरो असानुमा या समाजवादी नेत्याची भर सभेत एका सतरा वर्षांच्या तरुणाने लहान तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती पाते नको, अशी चळवळ देशभर उठली. टोकयंत्रे आली आणि हिगोनोकामी घडवणारे नाममात्र उरले. हत्यार तलवार होते, गेला मात्र पेन्सिलीचा चाकू.

आपल्याकडे अशी चळवळ झाली नाही, तरी निकाल तोच लागला. आमच्याही शाळेत चाकू आणण्यास बंदी आहे आणि ती उठवावी असे आम्ही म्हणत नाही. सातशे मुलांची जबाबदारी असणाऱ्याने तसे म्हणूही नये. शस्त्रकायद्याखालील नियमांचा रोख ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांवर आहे. पेन्सिल तासणारे पाते त्यात येत नाही. पण ज्या मुलाच्या हातात चाकू कधी आलाच नाही, त्याच्या मनातला चाकू कसा असेल?

हे पाहण्यासाठी आम्ही नववीच्या वर्गाला विचारले, "तुम्हांला एक मिटता चाकू मिळणार आहे, तो कसा हवा, ते काढा." चाळीसपैकी तिसांहून अधिक कागदांवर एकच चाकू होता: लांब, निमुळता, बटण दाबताच उघडणारा; सिनेमातला रामपुरी. रामपूर शहराने २०२३ साली आपल्या एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारला आहे, तोच जणू या मुलांच्या डोळ्यांपुढे असावा. त्याने काय कापणार, असे विचारले तर मुले एकमेकांकडे पाहून हसली. कलमतराशापासून आपण किती लांब आलो, ते त्या हसण्यात आम्हांला कळले.

उरलेले सात-आठ कागद आम्ही जपून ठेवले आहेत. विजेची कामे करणाऱ्याच्या मुलाने पात्याच्या बुडाशी अर्धगोल खाच काढली होती, तारेचे वेष्टन सोलण्यासाठी. एकाने मुठीला भोक पाडून दोरी ओवली. आजोबा शेतात चाकू हरवतात म्हणून. एका मुलीची आई मेथी-पालकाच्या जुड्या बांधते. तिने पाते बोटाएवढे, टोक गोल आणि मूठ पिवळीधमक रंगवली होती. पिवळी का, तर पाल्यात पडला तरी दिसावा. खाली किंमतही लिहिली होती, ४० रुपये. आम्ही बर्तन बाजारात चौकशी केली. साधा मिटता चाकू साठ रुपयांना मिळतो, पण त्याचे टोक अणकुचीदार आहे आणि मूठ काळी.