बाळाला जमिनीवर खेळू द्या

मूल नऊ-दहा महिन्यांचे झाले की घरोघरी एकच विचारणा सुरू होते. "अजून पाय टाकत नाही का?" शेजारीण विचारते, आत्या विचारते, आणि पलीकडच्या गल्लीतले कुणाचे तरी मूल दहाव्याच महिन्यात चालले होते, ही आठवण हमखास निघते. मग बाप ओव्हरटाइमच्या पैशांतून रंगीत प्लॅस्टिकचा वॉकर घेऊन येतो. त्यामागच्या मायेबद्दल आमची तक्रार नाही. पण हा पैसा वाया जातो, आणि प्रसंगी मुलाच्या जिवावर बेतते, हे स्पष्ट सांगणे आम्हांला भाग आहे.

आधी वयाचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय बसणे साधारण चार ते नऊ महिन्यांत, हात-गुडघ्यांवर रांगणे पाच ते साडेतेरा महिन्यांत आणि एकट्याने चालणे आठ ते साडेसतरा महिन्यांत आढळले. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चालले आणि दुसरे सोळाव्या, तरी दोघेही ठणठणीत असू शकतात. शंभरातली चारेक मुले तर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करून आईला बोल लावणे घरच्यांनी थांबवावे.

आता वॉकरचे पाहा. मूल त्यात झोळीत बसल्यासारखे लोंबते आणि चवड्यांनी जमीन ढकलते. त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, पडता-उठता येत नाही. चालायला शिकणे म्हणजे नेमके हेच तर असते! १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉकरमध्ये ठेवलेली मुले बाकीच्या मुलांपेक्षा उशिरा बसली, उशिरा रांगली आणि उशिरा चालली. शिवाय वॉकरमधले मूल सेकंदाला तीन फुटांहून जास्त पळते. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे चूल, पाण्याची बादली आणि दाराची पायरी हाताच्या अंतरावर असते, तिथे आई वळून पाहीपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ते राजरोस विकले जातात.

जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याच्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते. धरून नीट उभे राहू लागलेल्या मुलाला तो द्यावा, पण कुणीतरी जवळ हवे.

मग करायचे काय? चालण्याची तयारी मानेपासून सुरू होते आणि पाठ, कंबर करत पायांपर्यंत उतरते. त्यासाठी लागते ती जमीन आणि तिच्यावर अंथरलेली एक गोधडी. मऊ गादीवर बाळ रुतते, त्याला जोर लावता येत नाही. पहिल्या महिन्यांत बाळ जागे असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथे घालावे. दिवसभरात मिळून अर्धा तास तरी व्हावा. झोपवताना मात्र उताणेच. पालथे घातल्यावर बाळ रडले तर आईने समोर पालथे पडून त्याच्याशी बोलावे. आईचा चेहरा पाहायला ते मान उचलतेच. सहा-सात महिन्यांचे झाले की स्टीलची वाटी किंवा खुळखुळा त्याच्या हाताला लागेल-न लागेल अशा अंतरावर ठेवा. लगेच हातात देऊ नका, त्याला धडपडू द्या. पुढे ते पेटीला, कॉटला धरून उठेल आणि कडेकडेने सरकेल. पुष्कळ मुलांना उठता येते पण बसता येत नाही, मग ती उभ्यानेच रडतात. तेव्हा उचलून न घेता त्यांचे गुडघे हळूच वाकवून खाली कसे बसायचे ते दाखवावे. घरात बूट नकोत. ते पिपाणीचे वाजणारे बूट तर मुळीच नकोत. उघड्या पावलाला जमीन कळते.

जमिनीवर सोडायचे तर जमीन राखलीही पाहिजे. स्टो-शेगडी ओट्यावर घ्या. बादलीभर पाणी उघडे ठेवू नका. वीतभर पाण्यातही बाळ बुडते. शेंगदाणे, बटणे, उंदराचे औषध, पाण्याच्या बाटलीत भरलेले रॉकेल, हे सगळे वरच्या फळीवर. रोज सकाळी आपण स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीभर नजर फिरवावी, काय काय तोंडात जाईल ते लगेच दिसते.

आमच्या वस्त्यांतून आणखी एक चित्र दिसते. आई धुण्याभांड्याला जाते, बाप नाक्यावर, आणि बाळ आठ-दहा वर्षांच्या ताईच्या कडेवर. पोर बिचारी जीव लावते, पण दिवसभर कडेवर असलेल्या बाळाला हातपाय मारायला जागा मिळत नाही आणि ताईची शाळा बुडते. एका घरातल्या दोन लेकरांची वाढ अशी एकदमच अडते. आजी, पाळीपाळीने सांभाळणाऱ्या दोघी-तिघी शेजारणी, जवळ असेल तर पाळणाघर, काहीही व्यवस्था करा. ताईला मात्र शाळेतच पाठवा. याबाबतीत आम्ही तडजोड सुचवणार नाही.

पोटात अन्न नसेल तर पायांत बळ कुठून येणार? सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर घोटलेला वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेले अंडे, पालेभाजी सुरू करावी. चहात बुडवलेले बिस्कीट हे जेवण नव्हे. लोहाचे औषध सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा द्यायचे असते, ते सरकारी केंद्रातून मिळते. अंगणवाडीत वजन चुकवू नका. बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईने घरी येऊन पाहावे अशी योजना आहे. ती आली नाही तर तिला बोलावून घ्या.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहू नये. नऊ महिने उलटून बाळ आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचे झाले तरी धरून उभे राहत नाही. दीड वर्ष झाले तरी चालत नाही. पाय कात्रीसारखे आवळते. एकच हात वापरते. किंवा येत असलेली गोष्ट विसरते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावेत. अशा वेळी कुणी दृष्ट काढा म्हणेल, कुणी दोरा बांधा म्हणेल. २०१९ सालच्या २६ डिसेंबरच्या सूर्यग्रहणात कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरी करण्यासाठी गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आपण वाचल्या. या उपायांत नुसती मुले भेदरत नाहीत, उपचाराचे महिनेही निघून जातात. लहान वयात सुरू झालेल्या व्यायामोपचाराचा गुण अधिक येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवले जाते. चौकशी अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. जाताना बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवा, आणि दिवसभर बाळाजवळ जे कुणी असते, मग ती आजी का असेना, तिलाही सोबत न्या. मूल कसे बसते, कुठल्या हाताने वाटी धरते, हे डॉक्टर तिलाच विचारतील.