समुद्रतळाकडून वर

समुद्रातील प्राण्यांचे आपण तीन गट शिकवतो : पाण्याबरोबर वाहत जाणारे प्लवक, स्वबळावर पोहणारे तरणजीव आणि तळाशी राहणारे तळजीव. प्लवकांना ‘प्लँक्टन’ हे नाव हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये दिले. उरलेल्या दोन गटांची नावे हेकेलने १८९० मध्ये सुचवली. वर्गीकरण सोयीचे आहे, पण त्यामुळे पाणी हे एक जग आणि तळ हे दुसरे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात या दोहोंत सतत देवाणघेवाण चालते.

खाली जाणे सोपे. वरच्या प्रकाशित थरात वनस्पतिप्लवक अन्न तयार करतात. कोपेपॉडसारखे चिमुकले कवचधारी ते खातात. प्लवकाची सुटी पेशी अतिशय सावकाश बुडते. कोपेपॉडच्या विष्ठेची घट्ट गोळी मात्र एका दिवसात कित्येक मीटर खाली जाते. मेलेले जीव आणि टाकलेली कवचेही बुडतात. तळावरच्या बहुतेक प्राण्यांचे पोट यावरच चालते.

मग हा जैवभार, म्हणजे सजीवांच्या शरीरातील द्रव्य, पुन्हा वर कसा येतो? उथळ पाण्यात लाटा व प्रवाह गाळ ढवळतात. पण बरीच वाहतूक प्राणीच करतात.

पहिली रीत रोजची. बाल्टिक समुद्रातील मायसिड हे आपल्या जवळ्याची आठवण करून देणारे छोटे प्राणी. दिवसा ते तळाजवळ राहतात, रात्री वर येऊन प्राणिप्लवक खातात. तळाशी ते गाळातले सेंद्रिय कणही खातात. वर आलेले मायसिड हेरिंग माशांच्या तोंडी पडले, की तळाचे अन्न माशात पोचते.

दुसरी रीत आयुष्यातील अवस्थांची. कोकणातील खडकांना चिकटलेले बार्नॅकल पाहा. प्रौढ बार्नॅकल पायांनी पाण्यातले अन्नकण ओढून घेतो आणि आपले डिंभ पाण्यात सोडतो. डिंभ प्लवकांत वाढतात. त्यांतील बहुतेक इतरांचे भक्ष्य होतात. उरलेले मोजके डोक्याकडून खडकाला चिकटतात. एकच प्राणी आधी प्लवक, मग तळजीव!

तिसरी रीत वर्षातून एकदाची. सामोआ बेटांजवळच्या प्रवाळात पालोलो नावाचा वलयी कृमी राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, कृष्णपक्षातील ठरावीक रात्री, अंडी किंवा शुक्राणूंनी भरलेला त्याचा मागचा भाग तुटून पृष्ठभागावर येतो. पुढचा भाग बिळातच राहतो आणि मागचा भाग पुन्हा वाढवतो. या मेजवानीला मासे येतात. माणसेही जाळी घेऊन येतात.

ही वाहतूक एका गोष्टीवर अवलंबून आहे : तळाशी प्राणवायू हवा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही काळ तळाजवळचा प्राणवायू फार कमी होतो. शेतातील खते व सांडपाणी समुद्रात गेले, तर प्लवक माजतात. ते मरून कुजताना आणखी प्राणवायू खर्च होतो. अन्न खाली पडतच राहते, पण ते वर नेणारे प्राणी मरतात किंवा निघून जातात. याची झळ शेवटी मासळीला आणि मच्छीमारांना बसते.

म्हणून अन्नसाखळीची आकृती फळ्यावर काढताना पृष्ठभागाकडून तळाकडे जाणाऱ्या बाणांबरोबर वर येणारे बाणही काढावेत. प्रत्येक बाणावर कोणत्या प्राण्याचे नाव लिहायचे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.