आकडा लाखाचा, भरायचं काही नाही

पहाटे ५.
पाणी भरून, नागलीच्या भाकऱ्या थापून होईतो नवरा विळा घेऊन भात कापायला निघतो. कापणीचे दिवस आहेत. दिवाळी झाली की इथला निम्मा पाडा वीटभट्टीवर जाईल, त्यामुळे माझ्या हातात थोडेच दिवस उरलेत. मी पोशेऱ्यात आशा कार्यकर्ती आहे. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, रजिस्टर, आणि वेगळी एक प्लास्टिकची पिशवी, घरोघरच्या कागदांच्या झेरॉक्सची. मूल आजारी पडल्यावर कागद शोधत बसलं तर दिवस जातो, आणि तो दिवस मुलाचा असतो. म्हणून मूल धडधाकट असतानाच मी कागद मागते.

सकाळी ७.
पहिली भेट चौदा दिवसांच्या बाळाची. वजन घेतलं, नाळेची जागा पाहिली, अंग गरम नाही ना ते पाहिलं. मग विचारलं, "जन्माचा दाखला आणला का?" बाप म्हणाला, "रेशनकार्डावर नावच नाही अजून, दाखल्याचं काय करू?" हीच समजूत सगळ्यांची. नाव चढायला वेळ लागतो, पण तोवर बाळ उघड्यावर नाही. जन्माचा दाखला, आईबापासोबत बाळाचा फोटो, मूळ रेशनकार्ड आणि बापाचं आधार, एवढ्यावर महात्मा फुले योजनेत काम होतं. फोटो तिथेच काढला. आईने पदर सावरला, बाळ झोपलेलंच राहिलं.

वर्षाच्या आतलं बाळ आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात ने-आण, औषध, तपासण्या बिनपैशांत, १०२ ची गाडीसुद्धा. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तर आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत कुणालाच केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. तरी मोखाड्याच्या दवाखान्यात निघताना प्रत्येक जण आधी विचारतो, "ताई, किती लागतील?"

सकाळी १०.
अंगणवाडी. वजनं, उंच्या, दंडाचे घेर.

इथेच गेल्या खेपेला शाळा-अंगणवाडी तपासणीचं पथक आलं होतं. डॉक्टरांनी एका पोरीच्या छातीला नळी लावली, आणि लावूनच राहिले. हृदयाला छिद्र निघालं. आज ती पोर नाशिकला आहे, ऑपरेशन होऊन.

साडेअकरा.
टाकीजवळच्या चढावर रेंज येते. तिथे पोचले तर तिच्या बापाचे चार मिस्ड कॉल. लावला तर आवाज कापत होता. "ताई, घरी सोडतायत. पण कागदावर लाखाच्या वरचा आकडा लिहिलाय. सही मागतात. मी कुठून आणू?"

म्हटलं, "दादा, आधी बसा. कागदाचा फोटो पाठवा."

फोटो येईपर्यंत पाच मिनिटं गेली. वर रुग्णालयाचं नाव, पोरीचं नाव, मग पॅकेजची रक्कम, आणि खाली रुग्णाने भरायच्या रकमेपुढे शून्य. तो वरचा आकडा वाचून थांबला होता. मी सांगितलं, वरची रक्कम रुग्णालय योजनेकडे मागणार, तुमच्याकडे नाही. खोली, ऑपरेशन, भूल, तपासण्या, औषधं, पोरीचं जेवण, सगळं त्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं. दाखल करताना रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाने, आरोग्यमित्राने, मंजुरी मागवली होती ना, ती याच रकमेची.

ही महात्मा फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च मिळायचा, आता पाच लाख. हे पाच लाख घरातल्या सगळ्यांचे मिळून, हेही मी प्रत्येकाला सांगते. आमच्याकडे विमा म्हटलं की हप्ता भरणारा नोकरदार डोळ्यांपुढे येतो. हेही विम्यासारखंच, आपण हप्ता भरत नाही एवढंच. म्हणून मला 'फुकट' हा शब्द आवडत नाही. फुकट म्हटलं की माणूस मान खाली घालतो, प्रश्न विचारत नाही.

"शून्य आहे तर करू सही?" त्याने विचारलं.

"नाही. आधी सांगा, खिशातून कुठे पैसे गेले का?"

गेले होते. तिसऱ्या दिवशी नर्सने चिठ्ठी दिली, त्याने बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणलं. पावती? होती, आधारच्या घडीत ठेवलेली. मी त्याला आरोग्यमित्राच्या टेबलाशी पाठवलं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही घेतला तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा. अर्ज घेतला म्हणाला. पैसे अजून मिळाले नाहीत, मी उद्या परत विचारणार आहे. घरी यायचं एसटीचं भाडं मागायचं, पुढच्या दहा दिवसांची औषधं मोजून घ्यायची, हेही सांगितलं.

फोन ठेवताना तो म्हणाला, "ताई, बयाणा घेतलाय शेठकडून."

बिलात शून्य लिहिलेल्या माणसाने जाण्यायेण्याला, स्वतःच्या आणि बायकोच्या जेवणाला, वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली होती. ती आता सगळं घर मिळून विटा पाडून फेडणार. कुपोषित मूल दाखल झालं तर आदिवासी भागात पालकाला बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे. मुलाच्या उशाशी बसलेल्या प्रत्येक मजूर आईबापाला ती मिळायला हवी, दुखणं कुठलंही असो. हे मी बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

दुपारी ३.
आयुष्मान कार्डासाठी ई-केवायसी. एका आजीचा अंगठा मशीन घेईना. लावणी, कापणी, लाकूडफाटा करून बोटांच्या रेषाच झिजल्यात. शेवटी चेहऱ्यावरून झालं. तिच्या सुनेचं मात्र अडलं. रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तिला तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागेल, अर्ज मी लिहून दिला.

संध्याकाळी साडेपाच.
पाड्यावर. भट्टीवर जाणारी घरं गोळा केली. बहुतेक जण रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवून जातात, हरवेल म्हणून. मी सांगते, झेरॉक्स पेटीत ठेवा, मूळ कार्ड सोबत न्या. भिवंडी असो की वसई, योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात ते चालतं, गावी परत पळत यायला नको. एका बाईने कार्ड आणून दाखवलं. घडीवर फाटून त्याचे दोन तुकडे झालेले, नंबर मधोमध. मी पिशवीतली चिकटपट्टी काढली, तिने कंदील जवळ धरला, आणि मागून एकाने विचारलं, "ताई, माझंही बघाल का?"