इंग्रजी वाक्य नीट कसे लिहावे?

आपल्या खाप्यात मागावरचे काम जाणणारी माणसे आहेत. एक धागा फणीच्या भलत्या घरात गेला, की कापडात दोष उमटतो हे त्यांना ठाऊक आहे. इंग्रजी वाक्याचे तसेच आहे बघा.

रात्रीच्या वर्गातला एक विणकर माझ्याकडे कागद घेऊन आला. बाहेरच्या प्रांतातल्या व्यापाऱ्याला त्याने सुतासाठी पाच हजार रुपये आगाऊ दिले होते. सूत काही आले नाही. व्यापाऱ्याला मराठी येईना, म्हणून याने इंग्रजीत लिहिले, “यू मी फाइव्ह थाउजंड रुपीज गिव्ह.”

“गुरुजी, बरोबर हाये का जी?”

मी म्हटले, “अरे बाबा, टपालात टाकला नाहीस हे बरे! याचा अर्थ तूच त्याचे देणे लागतोस असाही निघेल.”

त्याच्या मनात वाक्य होते, ‘तुम्हाला मी पाच हजार रुपये दिले.’ त्याने शब्दाला शब्द ठेवला. पण इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. आपल्या ‘मी’ला इंग्रजीत ‘आय’ म्हणतात. दोन्ही भाषांत आवाज एकच, आणि अर्थ उलटा! यात भले भले फसतात.

आता शब्दांच्या जागा पाहू. ‘वाघाने माणसाला मारले’ म्हणा, की ‘माणसाला वाघाने मारले’ म्हणा. मेला तो माणूसच. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय अर्थ धरून ठेवतात. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी असे प्रत्यय होते. ते हळूहळू झिजून गेले. म्हणून आज तिथे जागेवरून अर्थ कळतो. ‘द टायगर किल्ड द मॅन’ म्हणजे वाघाने माणसाला मारले. दोघांची अदलाबदल करा, वाघ मेलाच समजा.

म्हणून आधी करणारा, मग क्रियापद. देण्याघेण्याच्या वाक्यात त्यामागून घेणारा आणि शेवटी वस्तू.

क्रियापदाचे रूपही काळाप्रमाणे बदलते. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘गेव्ह’ म्हणजे दिले. ‘गो’चे तर ‘वेंट’ होते, ते पाठच करावे लागते. आपण ‘तो गेला, ती गेली’ म्हणतो. इंग्रजीत दोघांनाही ‘वेंट’च, तेवढी सोय आहे. पण रोजची गोष्ट सांगताना ‘ही’ किंवा ‘शी’ आले, की ‘गो’चे ‘गोज’ करावे. आणि ‘डिड’ आले, की क्रियापद मूळ रूपात ठेवावे. ‘डिड यू गो?’ बरोबर. ‘डिड यू वेंट?’ चूक. ही चूक माझ्या मॅट्रिकच्या मुलांच्या वहीतही सापडायची.

विणकराने त्याच ओट्यावर बसून नवा कागद लिहिला, “आय गेव्ह यू फाइव्ह थाउजंड रुपीज.” खाली तारीख घातली, सही केली.

आता तुम्ही हे वाक्य सुधारा: “माय ब्रदर येस्टरडे नागपूर गो.” आधी भाऊ, मग त्याचे जाणे. नागपूरच्या आधी ‘टू’ लावा. ‘येस्टरडे’ म्हणजे काल, तो शेवटी.