लेकरू कॉलेजला निघाले, मत कुठे ठेवायचे?

बारावीनंतर घिवली, तारापूर, बोईसरची मुले मुंबई-पुण्याकडे जातात. घर सुने होते, आईला करमत नाही. पण निघण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, पैसा. १९९० च्या कायदेदुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२० च्या निर्णयानुसार केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. म्हणजे हप्ता रखडला तर जाब दिल्लीलाही विचारायचा आणि मुंबईलाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

दुसरी, मत. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी गावी किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, कुठेही एकाच जागी मतदार होऊ शकतो. दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदेशीर. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून होते आणि ग्रामसभेत बसायचा हक्क त्याच यादीतल्या मतदाराला असतो. नाव शहरात हलवले की वस्तीचा रस्ता, पाणी, विहाराची जागा यावर गावात बोलायचा हक्क जातो. छोट्या वॉर्डात पाच-दहा मतांनीही निकाल फिरतो.

शहरातच स्थायिक व्हायचे असेल तर नाव जरूर हलवा. पण सुट्टीला घरी येणार असाल, तर ते गावात राहू द्या आणि मतदानाला या. आईवडिलांनाही तेवढाच भेटीचा दिवस.

जय भीम!