प्रमाणित कसोट्या, शालेय
प्रमाणित कसोट्या, शालेय : ठरावीक प्रश्नसंच, ठरावीक वेळ व गुणदानाची एकच रीत ठेवून निरनिराळ्या शाळांतील विद्यार्थ्यांची संपादणूक मोजणाऱ्या कसोट्या. काटेकोर अर्थाने अशी कसोटी आधी प्रातिनिधिक नमुन्यावर वापरून तिची प्रमाणके निश्चित करावी लागतात. बीने व सीमाँ यांच्या बुद्धिमापन श्रेणीचे मराठी व कन्नड रूपांतर करताना व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडील मुलांवर तिचे नव्याने प्रमाणीकरण केले, ते याच कारणाने. शासकीय शाळांतील बहुतेक परीक्षा या अटीस पूर्णपणे उतरत नाहीत. तथापि प्रश्नपत्रिका सर्वत्र एकच असल्याने त्यांचाही विचार याच सदरात करता येतो.

महाराष्ट्रातील या प्रकारची सर्वांत परिचित परीक्षा म्हणजे पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा होय. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीसाठी होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीकडे गेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. परीक्षा ऐच्छिक असली, तरी गुणवत्ता यादीवरून शाळेचा व शिक्षकाचा लौकिक ठरतो. त्यामुळे जादा तास व सराव प्रश्नपत्रिका यांचा लाभ यशाची आशा असलेल्या मोजक्या मुलांनाच मिळतो, हा तिच्यावरील जुना आक्षेप. सर्व मुलांसाठीच्या पायाभूत व संकलित चाचण्या २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने आणल्या. २०२३-२४ पासून त्यांची जागा नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांनी घेतली. यांखेरीज केंद्र शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण निवडक शाळांत होते व त्यावरून जिल्ह्यांची तुलना केली जाते.

या सर्व कसोट्यांमागे एक गृहीतक असते : मूल वर्षभर शाळेत होते आणि कसोटीच्या दिवशीही आहे. बीड जिल्ह्यात ते टिकत नाही. बालाघाटच्या डोंगररांगांतील हलकी जमीन व वारंवारचे अवर्षण यांमुळे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज इ. तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. लहान मुले बरोबरच असतात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, ती परततात. राष्ट्रीय सर्वेक्षणाचे दिवस पाहिले, तर १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ व ४ डिसेंबर २०२४ हे तिन्ही गळीत हंगामात येतात. शिष्यवृत्ती परीक्षाही बहुधा फेब्रुवारीतच होत आली आहे. वर्गात नसलेल्या मुलाला शून्य गुण मिळत नाहीत, ते मोजणीतच येत नाही. जिल्ह्याची सरासरी ही गावी राहिलेल्या मुलांची सरासरी ठरते. तिच्यावरून शिक्षकाला शाबासकी वा ठपका देणे दोन्ही सारखेच निराधार होय. तांड्यांवरील ज्या मुलांची घरची बोली गोरमाटी आहे, त्यांच्या बाबतीत प्रथम भाषेच्या प्रश्नपत्रिकेच्या सप्रमाणतेचा प्रश्न वेगळाच.

उपाय झाले नाहीत असे नाही. हंगामी वसतिगृह योजनेत आजी-आजोबांपाशी गावी राहिलेल्या मुलांना जेवण मिळते. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या गेल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर स्थलांतरित मुलांना जवळच्या नियमित शाळेत बसविण्यावर भर आला व त्यासाठी शिक्षण हमी कार्ड देण्यात येऊ लागले. ते घेऊन निघालेले मूल फडावरच अडकले, तर कार्डाचा उपयोग होत नाही. भावंडे सांभाळण्याचे काम त्याच्याकडेच येते.

याच कायद्याने आठवीपर्यंत कोणासही मागील वर्गात ठेवू नये, असे ठरविले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना सूट मिळाली व २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलास निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा देता येते, तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. एप्रिलमध्ये फडावरून परतलेल्या मुलाला बुडालेला अभ्यास भरून काढण्यास हे दोन महिनेच उरतात, आणि त्यांचा मोठा भाग उन्हाळी सुटीत जातो.